बोकलचं विरोधातलं मत

मारिसेलचा मेसेज आला तेव्हा मी सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर, आमच्या प्लांटच्या गेटपाशी लॉकरसमोर उभी होते. आत कॅमेऱ्याचा फोन नेता येत नाही, त्यामुळे पास गळ्यात, हेल्मेट डोक्यावर आणि फोन लॉकरमध्ये, हा रोजचा क्रम. फोन आत ठेवता ठेवता स्क्रीन उजळली : 'आते, पपा गेले. झोपेतच.' मी 'येते' एवढंच लिहिलं आणि लॉकरचं दार लावलं. प्लांट दुरुस्तीसाठी बंद होता, कुठल्या टाकीचं झाकण कधी उघडायचं आणि कुठली क्रेन कुठे उभी करायची याच्या याद्या माझ्याकडे होत्या, माणसं खोळंबली होती. दिवसभर मी त्या याद्यांवर खुणा करत राहिले. संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, की आपण कुणालाही काहीच सांगितलेलं नाही. सांगायचं तरी काय? शेजारचे म्हातारे फिलिपिनो गृहस्थ गेले, एवढंच ना... पण तेवढंच नव्हतं, आणि नेमकं काय होतं हे मला आज काही आठवड्यांनीही धड मांडता येत नाही.

मारिसेल आमच्या मजल्यावर, पासिर रिसच्या ब्लॉकमध्ये, अगदी शेजारच्या दारात राहते. नर्स आहे. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात, त्यामुळे मला ती आते म्हणते. माझ्या मराठवाड्यातल्या कानाला मात्र ती मला आत्याच म्हणतेय असं वाटतं, आणि तेही वाईट वाटत नाही. तिची आई गेल्यावर तिने वडिलांना इकडे आणलं. त्यांचं नाव इसिद्रो, पण ते नाव मी फक्त त्यांच्या इथे राहण्याच्या पासवर पाहिलं. सगळे त्यांना 'बोकल' म्हणत. आपल्याकडे जशी जिल्हा परिषद, तसं तिकडे प्रत्येक प्रांताचं एक मंडळ असतं, ते प्रांतापुरते कायदे आणि ठराव करतं. त्याच्या सदस्याला बोकल म्हणतात. एकदा निवडून आला की माणूस मरेपर्यंत बोकल. आमच्या तालुक्यातही पंचायत समितीचं पद जाऊन पंचवीस वर्षं झालेल्या माणसाला लोक 'या सभापती' म्हणून खुर्ची देतात, त्यामुळे मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

शनिवारी सकाळी आमची कॉफी असे. बोकल, निवृत्त बसचालक लिम अंकल, मी, सुट्टी असेल तर मारिसेल आणि झोप झाली असेल तर माझा नवरा संजय. बोकल आले की ती कॉफी राहत नसे, बैठक होई. "कोरम आहे का?" हा पहिला प्रश्न. मग कुणी काही म्हटलं, अगदी 'आज टोस्ट घेऊ या' इतकं जरी, तरी ते बोट वर करून थांबायचे. "सूचना आली आहे. अनुमोदन?" लिम अंकल वैतागून म्हणत, "अरे बाबा, टोस्टला कसलं अनुमोदन! भूक लागलीये." "त्यालाच अनुमोदन समजतो," बोकल म्हणायचे. माझ्या फोनमध्ये याद्या असतात हे कळल्यापासून त्यांनी मला 'मॅडम सेक्रेटरी' करून टाकलं. मतदान असलं की स्वतःचं मत ते सर्वांत शेवटी देत. आणि उठताना 'बैठक संपली' असं चुकूनही म्हणत नसत. म्हणायचे, "बैठक तहकूब." मी एकदा विचारलं, फरक काय पडतो? तर म्हणाले, "संपली म्हटलं की सगळे विषय मरतात, मॅडम सेक्रेटरी. तहकूब म्हटलं की जिवंत राहतात."

त्यांचा आवडता विषय वाळू. पासिर म्हणजे मलायमध्ये वाळू, हे त्यांना लिम अंकलनी सांगितलं तेव्हा ते इतके हसले की कॉफी सांडली. "आयुष्यभर वाळूसाठी भांडलो, आणि मुलीने घर घेतलं ते वाळूत!" त्यांच्या गावाजवळ नदी समुद्राला मिळते, तिथल्या मुखातून वाळू उपसून बार्जमध्ये भरून नेत. मासे हटले, किनारा खचायला लागला. ते म्हणायचे, "त्याविरुद्धचा कायदा मी लिहिला. शब्द न् शब्द." मला विचारायचे, "तुमचं जुरोंग आयलंड भराव टाकून केलंय ना? मग ती वाळू कुणाच्या नदीची?" मला ठाऊक नव्हतं. मी इंजिनिअर आहे, पाइप कुठून कुठे जातो ते सांगू शकते. "शोधून ठेवते," मी म्हणायचे. नाही शोधलं.

त्यांच्या शेवटच्या शनिवारी आम्ही मॉलमधल्या एसी फूडकोर्टमध्ये बसलो होतो. आधी आमची जागा ब्लॉकसमोरच्या कॉफीशॉपमध्ये होती, डोक्यावर पंखा आणि खाली फिरणारी मांजरं. उकाड्याने हैराण होऊन लिम अंकलनी जागा बदलायची सूचना मांडली, संजयने अनुमोदन दिलं, मीही हो म्हटलं, आणि शेवटी बोकलनीही हात वर केला. एकमताने मंजूर. तर त्या शनिवारी उठता उठता ते म्हणाले, "पुढच्या वेळी मला एक फेरविचार मांडायचा आहे." मी फोन काढला. "कशाचा?" त्यांनी माझा फोन हाताने खाली केला. "लिहू नका. मी बैठकीतच मांडीन." आणि मग, "बैठक तहकूब." पुढचा शनिवार यायच्या आधीच ते गेले. माझ्याकडे किराण्यापासून विम्यापर्यंत सगळ्याची यादी असते. ज्याची नोंद नाही असा हा एकच विषय.

ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत तीन संध्याकाळी प्रार्थना झाल्या. आमच्याकडे माणूस गेला की पुण्यानुमोदन करतात, त्यांच्याकडे चाळिसाव्या दिवसाला मोठं महत्त्व. अस्थी घेऊन मारिसेल गावी जाणार होती. तिथे मंडळाच्याच सभागृहात कार्यक्रम करायचा आणि बोकलनी सभागृहात काय काय काम केलं ते छापून वाटायचं, असं ठरलं होतं. मंडळाच्या कचेरीने जुन्या इतिवृत्तांची स्कॅन केलेली पानं पाठवली. मारिसेल ड्युटीवरून येऊन ती उघडायची आणि मिटवायची. शेवटी लॅपटॉप घेऊन माझ्या दारात आली. "आते, तू याचा तक्ता करून देशील? मला वाचताना पपांचा आवाज ऐकू येतो, पुढे जाताच येत नाही."

तक्ता करणं मला जमतं. वर्ष, विषय, सूचक, अनुमोदक, बोकलचं मत, निकाल आणि शेवटी शेरा, असे रकाने आखले. खरं सांगायचं तर मी फार मोठ्या कशाची तरी अपेक्षा धरून बसले होते. निघालं काय, तर निम्मे ठराव अभिनंदनाचे. प्रांताच्या बास्केटबॉल संघाचं अभिनंदन, शंभरी गाठलेल्या आजीबाईंचं अभिनंदन, गव्हर्नरसाहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा (सूचक बोकल नव्हेत, पण मत बाजूने). ग्रामदेवतेच्या जत्रेसारखा त्यांचा संताचा उत्सव, त्याची सुट्टी. मोकाट कुत्र्यांना लस. आणि समोरच्या छोट्या बेटावर एक डॉक्टर नेमावा अशी विनंती, सूचक बोकल, एकमताने मंजूर. पुढच्या वर्षी तीच विनंती, एकमताने मंजूर. त्याच्या पुढच्या वर्षीही. डॉक्टर आल्याची नोंद कुठेच नाही. माझी मुलगी सई मागून डोकावली. "मम्मी, सगळे येस म्हणतात, तरी डॉक्टर येत नाही? व्हाय लाइक दॅट?" मी म्हटलं, "तू अभ्यास कर."

मग वाळूचा कायदा आला. सूचक : बोकल. निकाल : नामंजूर. मी चपापले. आम्ही सगळे, अगदी मारिसेलसुद्धा, तो मंजूर झाला असं धरून चाललो होतो. 'मंजूर झाला' असं ते कधी म्हणाले होते का? 'मी लिहिला' असं म्हणाले होते, त्यापुढचं आमचं आम्हीच जोडलं होतं. बरं, पडला तर पडला. पण मतांच्या यादीत बोकलच्या नावापुढे 'विरोधात' होतं. स्वतःच्या सूचनेविरुद्ध माणूस मत देईल कशाला? टायपिस्टची चूक. अशा चुका मी कामावर रोज दुरुस्त करते. पंप 'ए' च्या जागी कुणी पंप 'बी' लिहिलं म्हणून क्रेन चुकीच्या जागी नेत नाही आपण. मी 'बाजूने' असं केलं आणि तक्ता तिकडे पाठवून दिला.

दुसऱ्याच संध्याकाळी मारिसेलच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला, आणि ती तो घेऊन आमच्याकडे आली. पलीकडे तिता नेना होत्या. तिता म्हणजे मावशी किंवा आत्या, काहीही. नात्याच्या नव्हेत, पण मंडळाच्या कचेरीत आयुष्यभर इतिवृत्तं लिहून निवृत्त झालेल्या. कार्यक्रमात तक्ता त्याच वाचणार होत्या.

"बोकलचं मत कुणी बदललं?" नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट प्रश्न.

"मी," मी म्हटलं. "टायपिंगची चूक वाटली."

"ते मी टाइप केलंय." बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग हसायलाच लागल्या. "कुठल्या देशाच्या तुम्ही? तुमच्याकडे सभा होत नाहीत का?"

आमच्याकडे सभा होत नाहीत का! मला आयुष्यात इतका टोचणारा प्रश्न कमी वेळा विचारला गेला आहे. मग त्यांनी समजावलं. नावं पुकारून मतं घेत, आणि बोकलचं आडनाव शेवटाकडे यायचं. त्यांची पाळी येईपर्यंत त्यांना दिसलं होतं की कायदा पडतोय. फेरविचार मागण्याचा हक्क फक्त जिंकलेल्या बाजूने मत देणाऱ्यालाच असतो, आणि तोही पुढच्याच बैठकीत. हरणाऱ्याने 'पुन्हा मतं घ्या' म्हणून चालत नाही. म्हणून ते उठले आणि शांतपणे म्हणाले, विरोधात. "किल्ली खिशात टाकली त्यांनी," तिता नेना म्हणाल्या. "सभागृहात सगळ्यांना कळलं. बाहेर मात्र कुणालाच नाही. किनाऱ्यावरचे काही लोक त्यांच्याशी पुढे बोलले नाहीत."

"मग पुढच्या बैठकीत?" मी विचारलं.

त्यांचं हसू गेलं. "पुढच्या बैठकीला ते आलेच नाहीत. आजारी म्हणून रजा."

मारिसेल म्हणाली, "आजारी? मी तेव्हा कॉलेजच्या सुट्टीत घरी होते. विरोधात मत टाकून आले तो आठवडा मला आठवतो, दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात पपा छपरावर होते, तिता. नवे पत्रे ठोकत होते. मी खालून खिळे देत होते."

"मी रजा अशीच लिहिली," तिता नेना म्हणाल्या. " त्यांनी जशी सांगितली तशी..."

किल्ली खिशात टाकलेला माणूस दार उघडायच्या दिवशी छपरावर का चढतो? तिता नेनांना वाटतं, आदल्या रात्री सदस्यांकडे फिरून त्यांनी अंदाज घेतला असणार आणि पुन्हा पडणारच हे कळलं असणार. पण हे नुसतं वाटणं. कुणी त्यांना घाबरवलं असेल. की ते खरंच विरोधात होते, आणि किल्लीची गोष्ट सभागृहाने आपल्या समाधानासाठी रचली? मी शेऱ्याच्या रकान्यात एकेक लिहिलं, खोडलं. माझी ही अवस्था पाहून सई म्हणाली, "मम्मी, यू सो ब्लर लाह." इथली मुलं गोंधळलेल्या माणसाला ब्लर म्हणतात. तिला पहिल्यांदाच मला तसं म्हणायची संधी मिळाली होती.

कॉल संपल्यावर मारिसेल गेली नाही. आमच्या हॉलमध्ये कपाटावर घटनेची प्रत असते, ती उगाच हातात घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आते, इकडे यायचं तेव्हाही मतं घेतली होती." आई गेल्यानंतर भावांनी, काकांनी आणि हिने मिळून कॉलवर ठरवलं होतं की पपांनी सिंगापूरला जावं. बोकलनीच ती रीतसर बैठक केली. कोण बाजूने, कोण विरोधात? सगळे बाजूने. शेवटी, आपल्या सवयीप्रमाणे, त्यांनी स्वतः हात वर केला. बाजूने. "तो हात मी रोज आठवते," ती म्हणाली. "पपांना यायचं होतं, मी ओढून नाही आणलं. कुणी काही बोललं की मी हेच सांगते, त्यांनी स्वतः हो म्हटलं. आता तिता म्हणतात, की ते..." वाक्य तिने पुरं केलं नाही. पुरं करण्याची गरजच नव्हती. हरतोय हे दिसल्यावर जिंकणाऱ्यांबरोबर हात वर करायचा, म्हणजे विषय पुन्हा काढायचा हक्क आपल्याकडे राहतो. त्यांचा 'विरोधात' जर 'बाजूने' असू शकतो, तर त्यांच्या 'हो'चं काय करायचं?

मला तिला लगेच काहीतरी द्यायचं होतं. मी कामाला लागले, मनातल्या मनात दोन रकाने. इथे खूश होते : दुमजली बसमध्ये वरच्या पुढच्या सीटसाठी पोरांशी भांडायचे, लिम अंकलची चेष्टा करायचे, मारिसेल रात्रपाळीवरून आली की तिच्यासाठी भात परतून ठेवायचे. खूश नव्हते : समुद्रावर नेलं तर बसायचे ते पाण्याकडे पाठ करून, आणि गावाकडच्या फोनला घड्याळाच्या आधी तयार असायचे. काहीच ठरेना. पाठ करून बसणं म्हणजे ऊन डोळ्यात जाऊ नये म्हणूनही असेल. आणि शेवटच्या शनिवारचा तो फेरविचार? तो कशाचा होता? मला वाटलं होतं कॉफीशॉपचा, कारण एसीने त्यांचे गुडघे दुखायचे आणि त्यांना मांजरं आवडायची. पण त्या ठरावालाही त्यांनी शेवटी हात वर केला होता, आणि मुलीकडे येण्याच्या ठरावालाही. मी ते त्या संध्याकाळी मारिसेलला सांगितलं नाही. तिची फ्लाइट दोन दिवसांवर होती. तिच्या सामानात आधीच पुरेसं ओझं होतं.

छापायच्या आधी मी विचारलं, त्या ओळीचं काय करू? किनाऱ्यावरचे लोक त्या सभागृहात येऊन बसणार होते. गाळून टाकता आली असती. किंवा शेऱ्यात नियम लिहिता आला असता. मारिसेलने लॅपटॉपवर ती ओळ पुन्हा वाचली. "सूचक पपा. मत विरोधात. जसं आहे तसं. पपा म्हणायचे, इतिवृत्ताला पावडर लावायची नाही."

"आणि शेरा?"

"आपल्याला माहीत आहे का?"

"नाही."

"मग?"

मी रकाना रिकामा ठेवला. मला रिकामा रकाना सहन होत नाही. पुसलेला आणि कधी न भरलेला यातला फरक बाहेरच्याला कळत नाही. पण ठेवला.

ती परतली त्या शनिवारी फूडकोर्टमध्ये आली. थकलेली होती. कार्यक्रम कसा झाला, लिम अंकलनी विचारलं. ती म्हणाली, तिता नेनांनी सगळं वाचलं. डॉक्टरच्या ठरावाला लोक हसले, कारण डॉक्टर अजूनही आलेला नाही. वाळूच्या ओळीला आल्या, 'सूचक' म्हणाल्या, 'विरोधात' म्हणाल्या आणि पाणी प्यायला थांबल्या. मागच्या बाजूने कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतले दोघे उठून बाहेर गेले. एक म्हातारी कोळीण रडत होती. "आणि आते, मला कळलंच नाही कुणाला काय कळलं. टाळ्या कशासाठी होत्या, तेही नाही."

मग मी तिला सांगितलं. शेवटचा शनिवार, फेरविचार, लिहू नका म्हणाले ते. लिम अंकल आपल्या कपात बघत राहिले. मारिसेलने विचारलं, "कशाचा, ते नाही सांगितलं?" "नाही." "एवढंच म्हणाले?" "एवढंच. आणि बैठक तहकूब."

एसीचा वारा नेमका आमच्या टेबलावर यायचा. तिने हात बाह्यांत ओढून घेतले. मग तिने बोट वर केलं, अगदी त्यांच्यासारखं. "जागा बदलण्याच्या ठरावाचा फेरविचार व्हावा. मी मांडते."

"तू तेव्हा नव्हतीस," लिम अंकल म्हणाले. "मांडायला जिंकलेल्या बाजूचा माणूस लागतो." तो नियम मीच त्यांना सांगितला होता. मग ते माझ्याकडे वळले, "मॅडम सेक्रेटरी, तुम्ही मांडा."

मी मांडला. लिम अंकलनी अनुमोदन दिलं. सगळे बाजूने. आम्ही आपापले कप उचलून लिफ्टने खाली आलो, रस्ता ओलांडला आणि ब्लॉकसमोरच्या जुन्या कॉफीशॉपमध्ये, पंख्याखाली बसलो. त्यांचा विषय हाच होता की दुसरा, कुणी काही म्हणालं नाही. एक मांजर येऊन मारिसेलच्या पायाशी बसलं. घामाने माझी पाठ भिजली.

दर शनिवारी आम्ही आता तिथेच बसतो. उठायची वेळ झाली की थोडा घोटाळा होतो. कप रिकामे असतात, लिम अंकल घड्याळ बघतात, मारिसेलची ड्युटी असते, तरी पहिलं कुणी उठत नाही. बैठक संपली असं कुणालाच म्हणायचं नसतं, आणि दुसरं म्हणणारा माणूस नाही. मग कुणीतरी काही न बोलता खुर्ची मागे सरकवतं.